मदत हवी आहे: लेकीसाठी पहिली १० मीटर रायफल

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं कांस्य बघितल्यापासून डोक्यात रायफलचं खूळ. क्लबच्या रायफलवर हात बसलाय, आता स्वतःची हवी.

एका ओळखीच्यांनी सेमी-ऑटोमॅटिक .२२ (काडतुसाची रायफल) सुचवली. म्हणजे परवान्याची भानगड आलीच, आणि १० मीटरला एकेक पेलेटच (शिशाचा छर्रा) भरायचं असतं. तेव्हा ४.५ मिमीची एअर रायफलच, हे नक्की.

पुण्यात वॉल्थर कंपनीची एक जुनी एअर रायफल मिळतेय. ट्रिगर लोण्यासारखा, पण हवेच्या सिलिंडरवर कोरलेली १० वर्षांची मुदत संपत आलीय. नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून कापून मागावेत का? आणि सोलापुरात २०० बार दाबाची हवा कोण भरून देतं? जुळे सोलापूर, होटगी रोड, कुठेही चालेल. की हातपंपच घ्यावा? (आपल्या मे महिन्यात तो मारायचा म्हणजे शिक्षाच.)

मुख्य अडचण वेगळीच. पोरगी डावखुरी, रायफल उजव्या हाताची. ‘ग्रिप बदलली की झालं,’ असं विकणारे म्हणतात, ते म्हणणारच. गालपट्टी आणि भरायचा खटका यांचं काय? डावखुऱ्या नेमबाजांनी, किंवा त्यांच्या आईबापांनी, कृपया सांगा.