व्होल्टेज बसतं, पण आउटपुट चालू होत नाही (स्किपी कमांड, एरर -113)

बेंचवर_नवा:
भोसरीत एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. चार्जरचे बोर्ड तपासायला पॉवर सप्लाय पायथनमधून स्किपीने (उपकरणांना कमांड द्यायची ठरलेली भाषा) चालवतोय, लॅनवरून, पोर्ट 5025. एकाच ओळीत हे पाठवतो (इथे देवनागरीत लिहितोय):

व्होल्ट 5;व्होल्ट:प्रॉट 6;आउटप ऑन

डिस्प्लेवर 5 व्होल्ट दिसतात, प्रोटेक्शन (व्होल्टेजची वरची मर्यादा) 6 वर बसतं, पण आउटपुट बंदच. सिस्ट:एर? (एरर विचारायची कमांड) विचारलं की -113, अनडिफाइन्ड हेडर, म्हणजे कमांड ओळखलीच नाही. याच तीन कमांड वेगवेगळ्या पाठवल्या की सगळं चालतं! केबल, आयपी, फर्मवेअर, सगळं बघून झालं. उद्या 40 बोर्ड लावायचे आहेत.

कॅलिब्रेशनवाला:
केबल सोडा, चूक अर्धविरामानंतर आहे. स्किपीच्या कमांडी झाडासारख्या असतात आणि अर्धविराम दिला की उपकरण त्याच फांदीवर थांबतं. तुम्ही व्होल्ट:प्रॉट म्हणालात, म्हणजे ते ‘व्होल्ट’च्या फांदीवर आहे. पुढचं ‘आउटप’ ते तिथेच शोधतं, व्होल्ट:आउटप असं. तशी कमांडच नाही, म्हणून -113. मुळाशी परत न्यायला पुढे कोलन द्या:

व्होल्ट:प्रॉट 6;:व्होल्ट 5;:आउटप ऑन

प्रोटेक्शन मुद्दाम आधी घेतलंय. बोर्डाला वीज जाण्याआधी मर्यादा बसलेली असावी, ही सवय आत्ताच लावून घ्या. मात्र तारांकित, म्हणजे * ने सुरू होणाऱ्या कमांडींनी (एरर पुसणारी स्टार-सीएलएस वगैरे) फांदी बदलत नाही.

मी जीपीआयबीच्या (उपकरणं संगणकाला जोडायची जुनी पद्धत) काळापासून या कामात आहे. एचपीच्या 3478ए मीटरला डीसी व्होल्टसाठी नुसतं ‘एफ1’ पाठवायचो, दुसऱ्या कंपनीच्या मीटरला भलतंच काही. 1990 मध्ये स्किपी आलं तेव्हा पहिल्यांदा कमांड वाचून तिचा अर्थ कळायला लागला. त्यामुळे कोलन-अर्धविरामाचे हे नियम मला जाचक वाटत नाहीत.

ओसिलो_ताई:
त्यात एक भर. कमांड एकतर पूर्ण लिहायची किंवा ठरलेल्या लघुरूपात, मधलं काही चालत नाही. लघुरूप म्हणजे रोमनमधली पहिली चार अक्षरं. चौथा स्वर असेल तर तीनच. व्होल्टेजचं ‘व्होल्ट’ होतं, पण लिमिटचं ‘लिम’. ‘व्होल्टे’ लिहिलंत तर पुन्हा -113. मी स्वतः स्क्रिप्टमध्ये जोडओळी टाळते. एका ओळीत एकच कमांड, म्हणजे चूक कुठे झाली ते लगेच सापडतं.

बेंचवर_नवा:
सर, कोलन दिला, आउटपुट चालू झालं! मल्टिमीटरवर 5.00 आले. पण सिस्ट:एर? अजूनही -113 च देतंय.

कॅलिब्रेशनवाला:
ती कालची आहे. एरर रांगेत साठतात आणि सर्वात जुनी आधी बाहेर येते. एकदा विचारलं की एकच निघते. शून्य, ‘नो एरर’ येईपर्यंत विचारत राहा, नाहीतर स्क्रिप्टच्या सुरुवातीला स्टार-सीएलएस पाठवा. ताई म्हणतात ते स्क्रिप्ट जुळवताना मलाही पटतं.

बेंचवर_नवा:
सात वेळा -113 आलं, आठव्यांदा शून्य. काल मी सातदाच पाठवून बघितलं होतं. ताई, जोडओळ तोडून तीन ओळी केल्या, प्रत्येकीनंतर एरर वाचतोय. पहिला बोर्ड लावला आहे.