परदेशी पाठवलेलं पार्सल साडेचार महिने बेपत्ता. भरपाईचा दावा कसा करायचा?

पायवाट
नमस्कार मंडळी. साडेचार महिन्यांपूर्वी परदेशात असलेल्या धाकट्या भावाला पोस्टाने पार्सल पाठवलं. वजन दोन किलो. त्यात मी विणलेले दोन स्वेटर, त्याची कॅमेऱ्याची लेन्स आणि बाबांच्या हस्ताक्षरातल्या तीन वह्या होत्या. विमा उतरवला नव्हता. ट्रॅकिंगवर 'देशाबाहेर रवाना' एवढंच दिसतं, पुढे काही नाही. खिडकीवर तीनदा जाऊन आले, दर वेळी 'अजून थोडं थांबा' हेच उत्तर. भावाने तिकडे चौकशी केली तर म्हणाले, पाठवणाऱ्याला तक्रार करायला सांगा. पावतीची शाई उडत चालली आहे, एक आकडा ३ आहे की ८ तेही कळत नाही. काय करू? वह्या गेल्या असतील या विचाराने झोप लागत नाही.

शिक्का
ताई, आता एक दिवसही थांबू नका. परदेशी टपालाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली, आणि लोकांचे दावे बुडताना पाहिले ते बहुतेक 'थांबा'वर विश्वास ठेवल्यामुळे. जागतिक टपाल संघाच्या करारानुसार चौकशीची मागणी पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. तुमचा दीडच महिना उरला आहे. खिडकीवर तोंडी विचारलेलं कुठेही नोंदलं जात नाही. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. चौकशीचा आंतरराष्ट्रीय फॉर्म सीएन ०८, त्याच नावाने मागा.

भावाला मिळालेलं उत्तर बरोबर आहे. पार्सल पोहोचतं होईपर्यंत ते पाठवणाऱ्याच्या मालकीचं, म्हणून दावाही तुमचाच. हवं तर तुम्ही तो हक्क लेखी देऊन भावाच्या नावे सोडू शकता, पण वेळ कमी आहे, तुम्हीच करा.

पायवाट
आणि आकड्याचं? चुकीचा क्रमांक लिहिला तर सगळंच फुकट जाईल ना?

आकडेमोड
तो सापडेल, शेवटचा आकडा नीट दिसत असेल तर. क्रमांक इथे टाकू नका, कागदावर करा. आंतरराष्ट्रीय पार्सलच्या क्रमांकात आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेला ११ ने भागून जी बाकी उरेल ती ११ मधून वजा करा. येईल तो नववा आकडा. उत्तर १० आलं तर ० आणि ११ आलं तर ५ धरायचं.

पायवाट
केलं! शंकेचा आकडा चौथा आहे. तिथे ३ धरला तर बेरीज १८५, म्हणजे बाकी ९, उत्तर २. ८ धरला तर बेरीज १९५, बाकी ८, उत्तर ३. पावतीवर शेवटी स्पष्ट २ आहे. म्हणजे ३ च! मनापासून आभार. इतके दिवस मी ट्रॅकिंगवर ८ टाकत नव्हते ना, याचीच धास्ती होती.

शिक्का
छान. आता त्या पावतीचा आजच्या आज फोटो काढून ठेवा. उन्हात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात ही शाई लवकर उडते, घडी घालून वहीत ठेवा.

सुईदोरा
मी विणकामाच्या वस्तू पोस्टाने पाठवते, म्हणून रकमेबद्दल लिहिते. विमा नसलेल्या पार्सलला संघाच्या नियमांत ठरलेली मर्यादा आहे: पार्सलमागे ४० एसडीआर आणि वर दर किलोला ४.५० एसडीआर. तुमच्या दोन किलोला ४९ होतात. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या मिश्रणावर त्याचा भाव ठरतो. ही वरची मर्यादा आहे, सरसकट मिळणारी रक्कम नाही. माल पाठवला त्या ठिकाणी, त्या वेळी तशा वस्तूची जी किंमत होती ती धरतात. पूर्ण पार्सल हरवलं असेल तर टपालखर्चही परत मागा, तो हक्क आहे. लेन्सचं बिल आणि लोकरीची पावती शोधा. सीएन २३ वर, म्हणजे कस्टमच्या फॉर्मवर, किंमत किती लिहिली होती?

पायवाट
तिथेच चूक झाली. भावाला कर पडू नये म्हणून लेन्सची किंमत निम्मी लिहिली. आता खरी किंमत मागू का?

शिक्का
नाही. तुमच्याच सहीचा कागद तुमच्यासमोर ठेवतील आणि मग बाकीच्या वस्तूंवरही शंका येईल. लिहिलं तेवढंच मागा.

दूरचा
४९ एसडीआरसाठी एवढी धावपळ? मी असतो तर सोडून दिलं असतं.

शिक्का
असं म्हणू नका हो. चौकशी फक्त पैशांसाठी नसते. फॉर्म गेला की दोन्हीकडच्या खात्यांना पार्सल शेवटचं कुठे नोंदलं गेलं ते बघावं लागतं. बऱ्याचदा पार्सल हरवत नाही, त्यावरचा पत्ता निघून जातो. अशी पार्सलं उघडून मालकाचा शोध घेतात. ताई, म्हणून वह्यांचं वर्णन लिहा. किंमत कितीही कमी धरा, भावनिक नुकसानीची भरपाई करारात नाहीच, पण वर्णन भरपूर हवं. 'तीन जुन्या वह्या' एवढ्यावर कोणालाही काही सापडणार नाही.

सुईदोरा
हो, माझं एक पार्सल भरपाई घेतल्यानंतर सापडलं. अशा वेळी कळवतात, आणि तीन महिन्यांच्या आत घेतलेली रक्कम परत केली की पार्सल मिळतं. मी आनंदाने परत केली. म्हणजे पैसे घेतले तरी वह्यांवरचा हक्क संपत नाही.

पायवाट
हे वाचून फार धीर आला. आज अर्ज दिला. आधी म्हणाले, इथे घेत नाही. सीएन ०८ चं नाव घेतल्यावर आतून फॉर्म आणला. प्रतीवर शिक्का मिळाला. पार्सल मिळालं नाही असं भावाने सहीनिशी लिहून पाठवलं, तेही जोडलं.

वर्णनात लिहिलं: तिन्ही वह्यांना निळ्या कापडाची बांधणी, मधल्या वहीचा कोपरा उंदराने कुरतडलेला, आतलं सगळं लेखन जांभळ्या शाईत, आणि प्रत्येक पानावर डाव्या हाताला तारीख. खिडकीवरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, फोटो असेल तर तोही द्या. भावाकडे जुना एक फोटो आहे, बाबा त्यातल्याच वहीत लिहिताना. उद्या त्याची प्रत नेऊन देते.