प्रतिसाद: जात्यावरच्या ओव्या टिपताना

बेळगावजवळच्या खानापूर भागात ओव्या टिपताना जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात, म्हणून आजींना नुसतं बसवून म्हणायला लावू का, असा प्रश्न आलाय. नुसतं बसवू नका. हातात जात्याचा खुंटा नसला की लय सुटते, आणि लय सुटली की पुढची ओळ आठवत नाही.

जातं रिकामंही फिरवू नका. दगडावर दगड घासून आवाज दुप्पट होतो, दगडाला मारलेले टाके (खाचा) झिजतात ते वेगळंच. मूठमूठ जोंधळा वैरत सावकाश दळू द्या. फोन जमिनीवर ठेवलात तर थरथर थेट त्यात उतरते. चौघडी घोंगडीवर, तोंडापासून हातभर लांब ठेवा. दळण संपल्यावर त्याच ओव्या फक्त बोलून घ्या. लिहिताना या दोन्ही फिती लागतात: गाताना ओळ उलटून येते, मध्ये 'गं बाई' पडतं, ते फक्त पहिल्या, गायलेल्या फितीत सापडतं.

भाषा मात्र 'शुद्ध' करू नका, हा मोह फार वाईट. कानडी शब्द आला तर तसाच ठेवा. झाडपाल्याच्या ओवीत तर हमखास घोटाळा होतो. निरगुडीला कानडीत 'लक्की' म्हणतात, वेखंडाला 'बजे'. ऐकीव नावावरून अंदाज न बांधता त्या बाईंनाच झाड दाखवायला सांगा, पान-फुलासकट फोटो काढा. आणि ओवीत औषध आलं म्हणून त्याची मात्रा ओवीतून काढू नका. तिथं यमकासाठीही झाड बदलतं.