निर्यातीची चिनी भांडी: कला की ऑर्डरीचा माल?

निळीशाई
गेल्या महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अठराव्या शतकातल्या एका चिनी ताटापुढे बराच वेळ उभी होते. मधोमध एका इंग्रज घराण्याचं ढालीच्या आकाराचं कुलचिन्ह. कागदी छापात ढालीवर असतात तशा केसासारख्या बारीक तिरक्या रेघा कारागिराने कुंचल्याने ओढलेल्या, एकही दुसरीला न चिकटता. कडेचा सोनेरी मुलामा झिजलेला, झिलईवर सुरीचे ओरखडे. म्हणजे त्यात कोणीतरी खरंच जेवलंय.

सोबतचा मित्र म्हणाला, "यात चिनी काय? ऑर्डरीचा माल आहे हा." ते मनाला लागलं. अशी भांडी जिंगदेझनला, म्हणजे चीनमधल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावी भाजली जात. तिथून कोरी पांढरी भांडी नदीने आणि मेइलिंग खिंडीतून हमालांच्या खांद्यावर कँटनला यायची आणि असं रंगकाम तिथे व्हायचं. १७५७ ते १८४२ या काळात इंग्रज, डच वगैरे कंपन्यांना तेवढंच एक बंदर खुलं होतं. माझ्या मते ही अस्सल चिनी कला आहे. गिऱ्हाईक परदेशी होतं म्हणून ती हलकी ठरत नाही.

तोलकाटा
असहमत. ही भांडी जहाजात कुठे भरायचे? तळाशी. चहाला ओल लागू नये म्हणून खाली चिनी मातीची भांडी आणि वर चहाच्या पेट्या. डचांनी तर १६३५ सालीच तैवानहून चिनी व्यापाऱ्यांना लाकडी नमुने करून दिले होते: हे असंच बनवा. पाद्री दांत्रकोल हे फ्रेंच जेझुइट जिंगदेझनमधल्या कामाबद्दल १७१२ च्या पत्रात लिहितात की युरोपी घाटाचा माल व्यापाऱ्याने नाकारला की तो कारागिराच्या गळ्यात पडायचा. चिनी लोकांच्या तो पसंतीला उतरायचा नाही, त्यामुळे गावात खपायचाही नाही. करणाऱ्याच्या स्वतःच्या मुलखात जी वस्तू कोणाला नको, तिला त्या मुलखाची कला कसं म्हणायचं?

निळीशाई
त्याच पत्रात आहे की एक भांडं सत्तर जणांच्या हातांतून जातं. एक जण फक्त कडेची रेघ ओढतो, दुसरा फुलं रेखतो, तिसरा ती रंगवतो. बादशहाच्या दरबाराची भांडीही याच गावात व्हायची, सांगितल्या मापाने आणि सांगितल्या नक्षीने. मग तीही बाद करायची का? आपल्याकडे पेशव्यांनी रंग आणि नक्षी कळवून पैठणहून वस्त्रं मागवली. म्हणून विणकराची कला कमी झाली का? उलट, नापास मालाचा तोटा स्वतः सोसायचा आणि तरी हात न थरथरता अशी रेघ ओढायची, हे मला फार मोठं वाटतं.

गिरगावकर
तुम्ही दोघंही ताटातच अडकलात. जहाजाने बदल्यात काय नेलं ते कोण बोलणार?

लहानपणी आमच्या शेजारच्या पारशी मावशींकडे त्यांच्या सासूबाईंची गारा साडी होती. जांभळ्या रेशमावर चिनी भरतकाम: बगळे, पूल, छत्री घेतलेली माणसं. त्या माणसांना 'चीना-चीनी' म्हणतात. चेहरा हरभऱ्याएवढा, पण त्यात डोळे, भुवया सगळं. मावशी हात धुवायला लावून मगच शिवू द्यायच्या. ती साडी मी जन्मात विसरणार नाही.

पण अशा साड्या ज्या व्यापाराबरोबर मुंबईत आल्या, त्याच व्यापारात मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू चीनला जात होती. जमशेदजी जीजीभाय यांनी त्यातच संपत्ती मिळवली आणि शहराला रुग्णालय, कलाशाळा दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांना 'सर' किताब मिळाला १८४२ मध्ये, आणि इंग्रजांशी झालेल्या अफूच्या युद्धात हरलेल्या चीनवर नानकिंगचा तह लादला गेला तोही १८४२ मध्येच. कलेबद्दल बोलताना हे वगळू नका.

निळीशाई
साडीबद्दल मान्य, शंभर टक्के. ताटाबद्दल नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रज कंपनी मुख्यतः चांदी मोजून माल घ्यायची. अफूचा पूर आला तो नंतर. दोन काळ एकाच पोत्यात भरले तर दोन्हींवर अन्याय होईल.

तोलकाटा
चांदी असो की अफू, माझा मुद्दा तसाच उभा आहे. त्या कुलचिन्हांखाली लॅटिन ब्रीदवाक्यं असतात आणि त्यांत अक्षरं चुकलेलीही सापडतात. चितारणाऱ्याला ती वाचताच येत नव्हती. जे लिहितोय त्याचा अर्थ माहीत नाही, ढाल कोणाची तेही माहीत नाही. ही नक्कल झाली.

निळीशाई
वाचता येत नव्हतं म्हणूनच त्याला प्रत्येक अक्षर आकार म्हणून बघावं लागलं: कुठे जाड, कुठे बारीक, कुठे वळण. बघून काढणाऱ्याला मी चित्रकारच म्हणते.

गिरगावकर
तोलकाटा, मुंबईत असाल तर शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. मी रविवारी जातोय, येताय का?