‘छापील किडनी’च्या गप्पा आता पुरे

पिपेटराव:
‘आता प्रिंटरवर किडनी छापून मिळणार’ हा व्हिडिओ पुन्हा फॉरवर्ड होऊन आला. माझी पीएचडी बायोप्रिंटिंगमध्येच, म्हणजे जिवंत पेशी थरावर थर छापण्याच्या तंत्रातच चालू आहे, त्यामुळे घरचे मलाच विचारतात. माझं म्हणणं सरळ आहे: आम्ही संशोधनासाठी ऊतींचे तुकडे छापतो. तेवढंच सांगावं.

आमची बायोइंक म्हणजे जेलमा, जिलेटिनपासून केलेलं, पाणी धरून ठेवणारं हायड्रोजेल, आणि त्यात कालवलेल्या जिवंत पेशी. जेल दाट ठेवलं तर सुईतून जाताना पेशी चेंगरतात. पातळ ठेवलं तर पेशी खूश, पण छापलेली जाळी धिरड्यासारखी पसरते. परवा कुणीतरी एसी १८ वर ठेवला, जेल सिरिंजमध्येच थिजलं आणि अख्खी दुपार सुई मोकळी करण्यात गेली. बरं, छापलं समजा. रक्तवाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरपलीकडच्या पेशीला प्राणवायू पुरत नाही. किडनीभर केशवाहिन्या कोण विणणार?

मधली_सुट्टी:
अजिबात पटलं नाही. २०१९ मध्ये तेल अवीव विद्यापीठात ताल द्वीर यांच्या गटाने रुग्णाच्या पोटातल्या चरबीच्या पडद्यापासून पेशी आणि जेल दोन्ही बनवून छोटं हृदय छापलं, रक्तवाहिन्यांसकट. तुमची सुई तुंबली म्हणून जगाने थांबायचं का?

पिपेटराव:
छापलं, चेरीएवढं. पेशी आकुंचन पावत होत्या, पण सगळ्या मिळून पंप करत नव्हत्या. हे वाक्य बातमीत शेवटी असतं आणि फॉरवर्डमध्ये नसतंच.

उंबरठा:
सुईचं सोडा, तुम्ही दोघं अवयवांवरच अडकलात. छापलेल्या ऊतींचा खरा फायदा औषधांच्या चाचणीत आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, आपल्याकडेही २०२३ मध्ये नियम सुधारले. किती उंदीर वाचतील!

पिपेटराव:
वाचावेत. पण आमचं जिलेटिन डुकराच्या कातडीचं आणि पेशींच्या खुराकातलं सीरम गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातलं. ‘प्राणीमुक्त’ वगैरे लिहिताना हात अडखळतो.

उंबरठा:
हे माहीत नव्हतं. तरीही मानवी पेशींवर केलेली चाचणी उंदराच्या यकृतापेक्षा माणसाला जवळची, हे तर मानाल? आणि हैदराबादचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, विसरलात. २०२२ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशी-जीवशास्त्राची संशोधन संस्था यांनी मिळून छापला, सशाच्या डोळ्यात बसवला.

पिपेटराव:
मानतो. आणि कॉर्निया का जमला? त्यात रक्तवाहिन्याच नसतात. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

सांजवात:
मी शास्त्रातली नाही. दादाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. आई किडनी द्यायला तयार आहे, पण तो म्हणतो, आईला कशाला कापायचं, दोन वर्षांत छापील मिळेल. हाच व्हिडिओ दाखवतो. दीड वर्ष झालं. आईचं वय ६१.

मधली_सुट्टी:
ताई, वाईट वाटलं. पण दोष व्हिडिओ बनवणाऱ्याचा, संशोधनाचा नाही. मोठं स्वप्न दाखवलं नाही तर निधी कोण देणार? मग पिपेटरावांना सुया तरी कुठून मिळणार?

पिपेटराव:
निधीच्या अर्जात आम्हीही ‘भविष्यात अवयव’ असं लिहितो, कबूल. लाज वाटते ती तिथेच.

सांजवात, दोन वर्षांत छापील किडनी येणार नाही. आईच्या तपासण्यांचं दादाच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. दादा ऐकत नसेल तर मला फोनवर द्या, सुईचा फोटो पाठवतो त्याला.