महापालिका मोठ्या कामांचे पैसे आणते कुठून? कर्जरोख्यांबद्दल मदत हवी आहे

मंडळी, जरा मदत करा. सोसायटीच्या ग्रुपवर घरपट्टीच्या बिलावरून जुंपलीये. एक काका म्हणतात पाण्याच्या टाक्या, उड्डाणपूल सगळं आपल्या घरपट्टीतनंच होतं, दुसरे म्हणतात छे, सगळं केंद्राचं अनुदान, आणि मी पुणे मनपाच्या अंदाजपत्रकाची पीडीएफ उघडून बसलोय तर डोकं गरगरायला लागलंय.

मला कळलंय ते एवढं. आधी जकात होती, मग २०१३ ला तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ ला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला, २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला आणि त्याबदल्यात राज्य सरकार भरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. शिवाय घरपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क वगैरे. यातून पगार, पेन्शन, लाइटबिल, देखभाल भागवून उरेल ते भांडवली, म्हणजे नव्या मोठ्या कामांना. रस्त्याला जागा लागली तर पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करायचा किंवा विकायचा हक्क) देऊन मोकळे, हे डोकं मात्र भारी आहे. नदीच्या मैलापाणी प्रकल्पाला जपान सरकारच्या जायका या मदतसंस्थेचं कर्ज आहे पण ते केंद्राने घेतलंय, पालिकेला प्रकल्पखर्चाच्या ८५ टक्के अनुदान म्हणून मिळतं, १५ टक्के स्वतःचे घालायचे.

अडलंय ते पुढे. जून २०१७ मध्ये २४ तास पाणी योजनेसाठी पालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे (म्युनिसिपल बाँड, म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेले पैसे) काढले, मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के, म्हणजे वर्षाला १५ कोटींच्या वर नुसतं व्याजच की! केंद्राने प्रोत्साहन म्हणून २६ कोटी दिले पण ते दोन वर्षांच्या व्याजालाही पुरत नाहीत. मग २०२७ ला मुद्दल कुठून देणार? आणि घरपट्टी आधी या देण्याला बांधलेली असते म्हणतात ते नक्की कसं? कुणी अकाउंट्सवालं असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
म्युनिसिपल बाँडमध्ये साधारण रीत अशी असते की ठरलेल्या कराची वसुली आधी एका वेगळ्या खात्यात जाते, तिथून व्याजाचा हप्ता आणि मुद्दलासाठीच्या निधीचा वाटा बाजूला पडतो, मग उरलेलं पालिकेच्या हातात. त्यामुळे घरपट्टी थकली तर रोखेवाल्याआधी तुमच्या वॉर्डातलं गटाराचं काम लटकतं. आणि अंदाजपत्रकाच्या जमा बाजूला कर्ज दिसलं तर ते उत्पन्न समजू नका. काकांना सांगा दोघेही अर्धे बरोबर आहेत. 'अपेक्षित जमा'चा आकडा बघूच नका, तो बऱ्याचदा फुगवलेला असतो, शेजारचा 'प्रत्यक्ष जमा'चा रकाना बघा, तोही दोन वर्षं मागचा.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा, आता जरा उजेड पडला. तो मुद्दलाचा निधी पीडीएफमध्ये कुठल्या शीर्षाखाली सापडेल? 'कर्ज परतफेड' शोधलं तर नुसती एक ओळ आली.