सल्ला हवा: छोट्या डिस्टिलरीत दोन दिवस, काय बघू आणि कसं चाखू?

अर्धाघोट

मंडळी, पन्नाशीनिमित्त मित्रांनी वर्गणी काढून मला एका छोट्या क्राफ्ट डिस्टिलरीतली कार्यशाळा भेट दिलीय. दोन पर्याय आहेत आणि पुढच्या आठवड्यात काय ते कळवायचंय.

पहिला, एका दिवसाचा: 'तुमची जिन तुम्हीच बनवा'. टेबलावर मावेल एवढं स्टिल (दारू गाळायचं भांडं), सुगंधी द्रव्यं आपण निवडायची, संध्याकाळी आपल्या नावाचं लेबल लावलेली बाटली घेऊन घरी. दुसरा, दोन दिवसांचा: तिथल्या माणसांच्या हाताखाली काम करायचं. धान्य दळण्यापासून स्टिलपर्यंत सगळं, आणि शेवटी दारू मुरवायच्या लाकडी पिंपांतून चाखणं. बाटली-बिटली काही मिळत नाही.

मी पिणारा म्हणाल तर अगदी बेताचा, नावातच आहे. नाक मात्र तिखट आहे. गॅस गळत असला तर घरात सगळ्यांत आधी मलाच कळतं. तर कोणता पर्याय घेऊ? चाखताना झिंग न चढता शेवटपर्यंत टिकायचं कसं? आणि तिथे पहिल्या धारेची मिळेल का? लहानपणापासून शब्द ऐकतोय, एकदा जिभेवर ठेवून बघायचीय.

तांब्याचाहंडा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो ऐकला की माझं डोकंच फिरतं. सहा वर्षं एका छोट्या डिस्टिलरीत स्टिल सांभाळलंय. पहिल्या धारेची मिळणार नाही आणि मागूही नका. बोलीत ती कडक, अस्सल असेल. स्टिलपाशी ती टाकाऊ. स्टिल तापलं की आधी हलके, चटकन उडणारे पदार्थ येतात, त्याला आम्ही हेड्स म्हणतो. ग्लास नाकाजवळ नेलात तर नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येईल. त्यातलं अगदी सुरुवातीचं आम्ही भांडी पुसायला वापरायचो, आणि त्या कामाला ते खरंच उत्तम.

त्यानंतर हार्ट्स, म्हणजे बाटलीत जाणारा भाग. मग टेल्स: जड, तेलकट, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचे. या तिघांच्या सीमा कुठे आखायच्या, याला 'कट' म्हणतात. हेड्स-हार्ट्सची सीमा तशी सोपी, तो वास ओसरला की कळतंच. हार्ट्स कुठे संपवायचे ते अवघड. टेल्सच्या सुरुवातीला दाणेदार, भाजक्या धान्यासारखी एक चव असते. थोडी घेतली तर दारूला अंग येतं, जास्त घेतली तर बाटलीला ओल्या कुत्र्याचा वास. धारेतलं अल्कोहोल ७० टक्क्यांच्या पुढून उतरत ६० ते ६५च्या आसपास आलं की आमच्याकडे सगळे गप्प व्हायचे.

म्हणून माझं मत विचाराल तर डोळे झाकून दुसरा पर्याय. कटच्या वेळी मात्र जेवायला जाऊ नका, बाहेर फोनवर बोलत राहू नका. (फोन तसाही आत नेऊ देणार नाहीत. अल्कोहोलची वाफ आणि ठिणगी यांचं जमत नाही.)

रसायनमास्तर

हंडेसाहेबांच्या म्हणण्यात थोडी भर. आता कुणीतरी येऊन लिहीलच, की पहिली धार मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमुळे फेकतात. कागदावर पटतं: मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं, इथेनॉल (पिण्याचं अल्कोहोल) ७८.४ला, म्हणजे आधी सगळं मिथेनॉल येणार आणि मग चांगला माल. पण स्टिलमध्ये हे पदार्थ पाण्यात मिसळलेले असतात, रांग लावून एकामागून एक बाहेर पडत नाहीत. मिथेनॉल थोडंथोडं सगळ्या धारेत येत राहतं. सुरुवातीला जो वास येतो तो मुख्यतः ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेटचा.

धान्याच्या आंबवणात मिथेनॉल मुळातच अत्यल्प असतं. फळांत ते जास्त होतं, कारण सालीतल्या-गरातल्या पेक्टिनपासून ते बनतं. विषारी दारूने माणसं मरतात ती बहुतेक वेळा कुणीतरी औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं असतं म्हणून. पहिली धार फेकून ते निघत नाही.

हे वाचून कुणी घरी कुकरला नळी जोडू नये. बहुतेक देशांत परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ साली स्वतःपुरतं गाळायला मोकळीक दिली, तो अपवाद.

जुनिपरवाली

सगळे जिनच्या दिवसाला नाकं मुरडणार हे माहीत होतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. मी तो दिवस केलाय आणि पैसे वसूल झाले.

एक गोष्ट आधी समजून घ्या. त्या दिवशी तुम्ही दारू बनवत नाही. तयार, जवळजवळ बिनवासाचं स्पिरिट स्टिलमध्ये असतं, तुम्ही त्यात सुगंध उतरवता. पण तेही सोपं नाही. जुनिपर या झुडपाची सुकी फळं, धने, अँजेलिकाचं मूळ, लिंबाची साल हा पाया. लिटरमागे सगळं मिळून साधारण २० ग्रॅम, आणि त्यात निम्म्याहून जास्त जुनिपर. मी काय केलं? समोर चाळीस बरण्या दिसल्या आणि हुरळले. लव्हेंडर घातलं, वर लवंग घातली, एकच होती हो! पहिल्या महिन्यात बाटली उघडली तर साबण. दुसऱ्या महिन्यात दातांचा दवाखाना. शिकवणाऱ्या बाई तीनदा म्हणाल्या होत्या, सहाच्या वर जाऊ नका.

पण त्या दिवसानंतर कुठलीही जिन हुंगली की आत काय काय आहे ते मला सुटं सुटं कळतं. तीही एक कमाई. आणि 'लंडन ड्राय' लिहिलं म्हणजे ती लंडनचीच असते असं नाही, हेही तिथेच कळलं. ती पद्धत आहे. सुगंध गाळतानाच यायला हवा, नंतर चव किंवा रंग घालायचा नाही.

अर्धाघोटराव, नाक तिखट असेल तर पहिल्या पर्यायाचाही विचार करा एवढंच.

शंकासुर

दोन्ही पर्यायांआधी एक प्रश्न विचारा: बाटलीतलं स्पिरिट इथेच गाळलेलं आहे का? सरळ विचारा, लाजू नका. 'क्राफ्ट' हा शब्द कुणीही छापतो. अमेरिकेत कितीतरी छोट्या ब्रँडांची राय (राय नावाच्या धान्याची) व्हिस्की इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या एकाच मोठ्या कारखान्यातून आलेली असते. त्यात पाप काही नाही, माल चांगलाच असतो. पण मग भिंतीवर आजोबांच्या गुप्त कृतीची गोष्ट कशाला टांगता? तिकडच्या लेबलवर 'डिस्टिल्ड बाय' आहे की नुसतं 'बॉटल्ड बाय', ते वाचायची सवय लावून घ्या.

दुसरं, छोट्या पिंपांची जाहिरात. पिंप छोटं असलं की दारूच्या मानाने लाकूड जास्त लागतं, रंग लवकर चढतो, हे खरं. पण मुरणं म्हणजे नुसतं लाकूड ओरपणं नव्हे. हवेशी संथ देवाणघेवाण व्हायला वर्षंच लागतात. सहा महिन्यांत गडद झालेली कित्येकदा सुताराच्या भुशासारखी लागते. स्कॉचला किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात आणि पिंप ७०० लिटरपर्यंतच, हा कायदा उगाच नाही.

थेंबेथेंबे

चाखण्याबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मी.

आधी हिशोब. पिंपातलं स्पिरिट ६० टक्क्यांच्या आसपास असतं. सहा नमुने, प्रत्येकी १० मिली, म्हणजे ३६ मिली शुद्ध अल्कोहोल. ४० टक्क्यांच्या ३० मिलीच्या तीन पेगांइतकं झालं ते, आणि चाखताना मात्र वाटतं की आपण नुसतं जिभेला लावतोय. तेव्हा थुंकायचं भांडं मागा. थुंकणं असभ्य वगैरे काही नाही, तिथली मुरलेली माणसंच सगळ्यांत जास्त थुंकतात. जेवून जा, परतीला गाडी दुसऱ्याने चालवावी.

ग्लास वर निमुळता होणारा हवा. वाइनसारखा गरगरा फिरवू नका, नुसती अल्कोहोलची वाफ नाकात घुसते. ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणा, ओठ किंचित उघडे ठेवा. पहिला घोट वाया गेला असं समजा. तो फक्त तोंडाला बातमी देतो की काय येतंय. दुसरा छोटा घोट जिभेवर पसरून पाच-सहा सेकंद धरा, मग नाकाने श्वास सोडा. खरी चव तिथे आहे. नाक थकलं की दुसरं काही हुंगण्यापेक्षा स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा. (म्हणून त्या दिवशी अत्तर लावू नका. शेजारच्यांचेही शिव्याशाप वाचतील.)

क्रम कमी टक्क्यांकडून जास्तीकडे, धुरकट माल सगळ्यांत शेवटी.

आणि एक गोष्ट हट्टाने मागा: न्यू मेक, म्हणजे स्टिलमधून आलेलं, पिंप न पाहिलेलं पांढरं स्पिरिट, आणि शेजारी तेच दोन-तीन वर्षं मुरलेलं. दोन्ही एकत्र चाखल्याशिवाय धान्याचं काय आणि लाकडाचं काय, हे कळूच शकत नाही.

अर्धाघोट

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दुसरा पर्याय कळवून टाकला. जुनिपरवाली ताई, राग मानू नका, लवंगेनेच घात केला.

एकच शंका. पाणी घालायचं की नाही? माझा एक मित्र पाणी म्हटलं की कानांवर हात ठेवतो.

रसायनमास्तर

मित्राला ठेवू द्या. २०१७ साली स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या दोघांनी संगणकावर याचा अभ्यास केला. व्हिस्कीतला धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा पदार्थ ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, ५९च्या वर गेलं की आत दडी मारतो. म्हणजे पिंपातल्या कडक नमुन्यात पाणी घातलं की वास वर यायला मदतच होते. पण धार सोडू नका, थेंबाथेंबाने घाला आणि दर वेळी हुंगा. एखादं स्पिरिट पाण्याने ढगाळ झालं तर बिघडलं समजू नका. विरघळलेली तेलं बाहेर पडतात, एवढंच.

तांब्याचाहंडा

आणि आंबवणाच्या टाकीवर वाकून हुंगू नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, नाकात सुई टोचल्यासारखं होतं. हाताने वारा घेऊन हुंगा. परत आलात की इथे लिहा. लोक सल्ला घेऊन गायब होतात.

अर्धाघोट

आलो परत. बारा दिवस उशीर झाला, माफी.

पहिला दिवस जवळजवळ हमालीचा. दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात कालवलं, ६५ अंशांच्या आसपास दीड तास राखलं. मग त्याचा थेंब बशीत घेऊन वर आयोडीन टाकलं. आधी निळं-काळं झालं, म्हणजे स्टार्च शिल्लक. अर्ध्या तासाने पुन्हा टाकलं तर पिवळंच राहिलं. तोपर्यंत ते पाणी चाखायला इतकं गोड झालं होतं की मी दोन चमचे जास्तच घेतले. ते काही आम्ही त्याच दिवशी गाळलं नाही. चार दिवस आधी आंबवायला टाकलेलं दुसऱ्या दिवशी स्टिलवर चढलं.

स्टिलच्या तोंडाशी एक तांब्याचं नळकांडं असतं, चोचीसारखं, त्यात अल्कोहोलचे टक्के दाखवणारा हायड्रोमीटर तरंगतो. त्याला पॅरटच, म्हणजे पोपट, म्हणतात. मी मोठ्या ऐटीत वाचून सांगितलं, ७१! तिथल्या मुख्य बाईंनी शेजारचा थर्मामीटर दाखवला. धार कोमट होती, आणि कोमट असली की आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, तक्त्यात बघून खाली आणावा लागतो. पोपटासमोरच पोपट झाला.

मग कट. त्यांनी दर काही मिनिटांनी एकेक छोटी बरणी भरून ओळीने मांडली. त्यातलं थोडं तळहातावर घ्यायचं, दोन्ही हात चोळायचे, अल्कोहोल उडालं की हात हुंगायचे. पहिल्या दोन-तीन बरण्यांना तोच नेलपॉलिशवाला वास, आणि पहिल्या धारेची हौस तिथेच फिटली. पुढे पेअरसारखा गोडसर वास, मग ओलं धान्य. मग एक वेळ अशी आली की वास चांगला की वाईट तेच ठरवता येईना. मी चांगला म्हणत राहिलो. बाईंनी काही न बोलता कधीच नळी दुसऱ्या भांड्यात फिरवली होती.

थेंबेथेंबे, न्यू मेक आणि तीन वर्षांचं शेजारी ठेवून चाखलं. मुरलेल्यातही तो पेअर सापडला, व्हॅनिलाच्या मागे. थुंकायचं भांडं मागितलं तर खरंच सगळ्यांत आधी बाईच थुंकल्या.

तांब्याचाहंडा

वा! पण नेमकं सांगा, तुम्ही कितव्या बरणीवर 'बास' म्हणालात आणि त्यांनी कितवीवर नळी फिरवली?

अर्धाघोट

मी अकराव्या. त्यांनी नवव्या.

तांब्याचाहंडा

अकरावी वाईट नाही हो. पहिल्या महिन्यात मी चौदावीपर्यंत घेत होतो, आणि तेव्हा आमच्या पिंपांची यादी बघून मालक नुसते माझ्याकडे बघायचे.